ॲसिडच्या ताणाची चाचणी: कंट्रोल मरायलाच तयार नाही

छासवाली_बडोदा
एम.एस्सी.च्या डिझर्टेशनची एक साधी दिसणारी चाचणी जागेवरच अडली आहे. प्रश्न एवढाच: सौम्य ॲसिडमध्ये थोडा वेळ राहिलेला साल्मोनेला टायफीम्युरियम नंतरचं कडक ॲसिड जास्त सोसतो का, आणि असा सरावलेला जीवाणू पुढे छाशीत किती टिकतो.

पद्धत अशी. डिपार्टमेंटच्या स्लँटवरचा (तिरप्या आगरच्या नळीतला) एलटी२, हा साल्मोनेलाचा एक लॅब-स्ट्रेन (वाण). टीएसबी (जीवाणू वाढवायचं द्रव माध्यम), त्यात वरून ०.५ टक्के ग्लुकोज, कारण जुन्या प्रोटोकॉलच्या कागदावर तसं लिहिलंय. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली, ३७ अंश, १५० आरपीएम, १८ तास. मग सेंट्रिफ्यूज. अर्धं पेलेट (तळाशी बसलेल्या पेशी) पीएच ७.० च्या ताज्या टीएसबीत (हे कोरे), अर्धं पीएच ५.५ च्या टीएसबीत (हे सरावलेले), दोन्ही तासभर ३७ ला. त्यानंतर प्रत्येकी १ मिली कल्चर पीएच ३.० च्या ९ मिली टीएसबीत. नमुने ०, ३०, ६० आणि १२० मिनिटांना, डायल्यूशन ०.८५ टक्के सलाइनमध्ये, स्प्रेड एक्सएलडीवर (साल्मोनेला निवडून वाढवणारी आगर प्लेट). ॲसिड सगळीकडे हायड्रोक्लोरिक.

पहिल्या दोन वेळा कोरे आणि सरावलेले अगदी जुळ्या भावंडांसारखे: तासाभरात दोन्हींत जेमतेम दोन लॉगची (म्हणजे शंभरपट) घट. तिसऱ्या वेळी ३० मिनिटांनाच दोन्हींच्या प्लेट रिकाम्या. छाशीत (पीएच ४.२, मीठ-जिरं न घातलेली) तर गंमतच आहे. फ्रीजमधले नमुने बाहेर ठेवलेल्यांपेक्षा जास्त टिकतात.

चुकतंय कुठे? आणि गाइड म्हणतात की सोबत आरपीओएस या ताण-प्रतिसादाच्या जीनचं क्यूपीसीआर (त्याचा आरएनए किती बनला याची मोजणी) करून टाक, म्हणजे ताणाला प्रतिसाद मिळाला हे सिद्ध होईल. प्रायमर मागवायच्या आधी विचारते आहे.

पिपेट_दांडियाबाजार
ताई, तुमचं कंट्रोल कोरं नाहीच. रात्रभरात त्यानं ॲसिड चाखलेलं आहे, मग ते मरेल कशाला?

हिशोब बघा. टीएसबीच्या पावडरीत लिटरला २.५ ग्रॅम डेक्स्ट्रोज आधीच असतं. तुम्ही वरून ५ ग्रॅम घातलंत, झालं साडेसात. त्यात २५० च्या फ्लास्कमध्ये १०० मिली भरलं की हवा पुरत नाही, आणि साल्मोनेला ते ग्लुकोज आंबवून ॲसिटिक, फॉर्मिक, लॅक्टिक अशी ॲसिडं बाहेर टाकतो. टीएसबीतल्या लिटरमागे अडीच ग्रॅम फॉस्फेटला एवढं ॲसिड पेलवत नाही. पुढच्या वेळी सेंट्रिफ्यूजच्या आधी ओव्हरनाइट कल्चरचे दोन-तीन थेंब ४ ते ७ च्या पीएच पट्टीवर टाका. जिवंत साल्मोनेलात इलेक्ट्रोड बुडवू नका. आकडा ५ च्या आसपास निघाला तर समजा की तुमची 'सराव' पायरी सकाळी तुम्ही येण्याआधीच उरकली होती.

मग तासभर पीएच ७ च्या ताज्या टीएसबीत ठेवून काय झालं? अर्धवट काम. आधी बनलेली प्रथिनं तासाभरात नाहीशी होत नाहीत. पण ताजं अन्न मिळाल्यामुळे पेशी वाढायला लागतात, आणि वाढणारा साल्मोनेला ॲसिडला लवकर बळी पडतो. म्हणजे ना धड स्टेशनरी (वाढ थांबलेली), ना धड लॉग फेज (जोरात वाढणारी). हा तास ५० मिनिटांचा झाला की निकाल वेगळा, सेंट्रिफ्यूज रिकामा नसल्यामुळे ९० मिनिटांचा झाला की आणखी वेगळा. तुमच्या तिसऱ्या वेळच्या रिकाम्या प्लेटांचं एक कारण हे असू शकतं.

यावर उपाय म्हणजे सराव आणि कोरेपण दोन्ही ओव्हरनाइटमध्येच ठरवून टाकणं. ग्लुकोज नसलेला एलबी (दुसरं द्रव माध्यम) घ्या. कोऱ्यासाठी त्यात १०० मिलिमोलर मॉप्स (पीएच धरून ठेवणारा बफर), म्हणजे लिटरला २०.९ ग्रॅम, पीएच ८.०. सरावलेल्यासाठी १०० मिलिमोलर एमईएस (दुसरा बफर), लिटरला १९.५ ग्रॅम, पीएच ५.५. पीएच लावून झाल्यावर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, ऑटोक्लेव्ह करू नका. १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० मिली, त्याहून जास्त नाही. सकाळी दोन्हींचा पीएच पुन्हा बघा. एलबीत जीवाणू अमिनो ॲसिडं खातात, अमोनिया सुटतो आणि पीएच वर सरकतो. एमईएसवाला ६ च्या पलीकडे गेला असेल तर ते कल्चर सरळ टाकून द्या.

ॲसिडचा मारा टीएसबीत न देता मिनिमल-ई माध्यमात द्या. लिटरला मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट २ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १० ग्रॅम, सोडियम अमोनियम फॉस्फेट ३.५ ग्रॅम, ग्लुकोज ०.४ टक्के. पीएच ३.० ला आणून फिल्टर. टीएसबीतलं लायसिन आणि इतर अमिनो ॲसिडं जीवाणूला वाचायला मदत करतात, त्यामुळे तिथे नेमकं कोण वाचवतंय ते कळत नाही.

कल्चर टाकताना १ मिली ९ मिलीत नको. तुमच्या १ मिली टीएसबीनंच मिश्रणाचा पीएच वर चढतो, आणि ३.० चा ३.३ झाला म्हणजे हायड्रोजन आयन निम्म्यावर आले. १०० मायक्रोलिटर कल्चर ९.९ मिलीत टाका. सुरुवातीची संख्या एक-दोन कोटी सीएफयू (कॉलनी बनवणाऱ्या पेशी) प्रति मिली मिळेल, तेवढी पुरे. निर्जंतुक न केलेल्या वेगळ्या नळीत तेच माध्यम आणि कल्चरऐवजी तोच बफर घातलेला एलबी, त्याच मापानं मिसळून मीटरवर एकदा बघून ठेवा. शून्य मिनिटाचा नमुना ॲसिडच्या नळीतून घेऊ नका, कारण पिपेट हातात धरेपर्यंत तिथे पेशी मरायला लागलेल्या असतात. तेवढंच कल्चर पीएच ७ च्या मिनिमल-ईमध्ये टाकून त्यातून घ्या.

आता सलाइन. ही चूक सगळीकडे दिसते. पीएच ३ म्हणजे ०.००१ मोलर हायड्रोजन आयन. सलाइनला बफर नाही, त्यामुळे दहापट पातळ केल्यावर पहिल्या नळीत पीएच ४ आणि दुसरीत ५, तोही माध्यमात दुसरं काही नसेल तर. माध्यमातलं फॉस्फेट सोबत येतं, म्हणून प्रत्यक्षात पहिली नळी ४ च्याही खाली असते. तुम्ही ३० मिनिटांना नमुना काढता, पण डायल्यूशन संपेपर्यंत पेशी ॲसिडमध्येच बसलेल्या असतात. ४० नळ्या एका हातानं करायच्या असतील तर शेवटच्या नळीला दहा-पंधरा मिनिटं जास्त मिळतात. पहिली नळी १०० मिलिमोलर फॉस्फेट बफरची, पीएच ७.२, पुढच्या नळ्यांना साधं पीबीएस (फॉस्फेट बफर घातलेलं सलाइन) चालेल. मिनिमल-ई स्वतःच तगडा बफर आहे, पहिल्या नळीत साधं पीबीएस त्याला पुरत नाही.

सिग्मा_३८
वरचं सगळं मान्य. मी फक्त क्यूपीसीआरबद्दल आणि स्ट्रेनबद्दल लिहितो. आरपीओएसचे प्रायमर मागवू नका.

साल्मोनेलाला ॲसिड कळतं ते एका ठिकाणी नाही. आतल्या पटलात बसलेलं फो-क्यू हे प्रथिन बाहेरच्या बाजूनं तीन गोष्टी ओळखतं: मॅग्नेशियमची टंचाई, सौम्य ॲसिड आणि आपल्या शरीरातले जीवाणूनाशक पेप्टाइड. ओळख पटली की ते स्वतःच्या हिस्टिडिनवर फॉस्फेट चढवतं आणि तो फॉस्फेट फो-पीच्या ॲस्पार्टेटवर सोपवतं. फो-पी मग जीन चालू-बंद करतं. एन्व्ह-झेड आणि ओम्प-आर ही दुसरी तशीच जोडी. ती मूळची ऑस्मोटिक दाबासाठी ओळखली जाते, पण पेशीच्या आत पीएच उतरला की तीही जागी होते. मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशीच्या) पोकळीत शिरलेल्या साल्मोनेलाला 'आता आत आलो' हे याच संकेतांवरून कळतं. कॅड-सी ही तिसरी वाट. ॲसिड आणि लायसिन दोन्ही असतील तेव्हाच ती चालते, आणि लायसिनचा कार्बन डायऑक्साइड काढून टाकताना पेशीतला एक प्रोटॉन खर्ची पडतो.

या सगळ्यांच्या वर आरपीओएस, म्हणजे सिग्मा-एस: ताणाच्या वेळी कोणते जीन वाचायचे ते ठरवणारं प्रथिन. याचा मेसेंजर आरएनए पेशीत बहुतेक वेळ असतोच. वाढीच्या काळात प्रथिनही बनतं, पण आरएसएसबी नावाचं प्रथिन (साल्मोनेलात याचं जुनं नाव एम-व्ही-आय-ए) त्याला धरून क्लिप-एक्स-पी या कातरीच्या तोंडी देतं. दोन मिनिटांच्या आसपास अर्धं संपलेलं असतं. ताण आला की तोडणं थांबतं आणि प्रथिन साठतं. म्हणजे खरा फरक जीन वाचण्यात नसून प्रथिन टिकण्यात आहे. तुम्ही आरपीओएसचा आरएनए मोजलात तर दीड-दोन पट फरक दिसेल, कदाचित तोही नाही, आणि तुम्ही लिहाल की प्रतिसाद मिळाला नाही. मोजायचंच असेल तर त्याच्या हुकमाखालचे जीन मोजा: ओस्म-वाय, कॅट-ई. नाहीतर सिग्मा-एसच्या अँटिबॉडीनं वेस्टर्न ब्लॉट (थेट प्रथिनाची तपासणी).

आणि आरएनए काढणार असाल तर आधी सेंट्रिफ्यूज करू नका. जीवाणूंचे मेसेंजर आरएनए काही मिनिटांत निम्मे होतात. दहा मिनिटं फिरवलेलं पेलेट तुम्हाला सेंट्रिफ्यूजचा ताण दाखवतं, ॲसिडचा नाही. ९५ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के फिनॉल असं थंड मिश्रण कल्चरच्या एक पंचमांश मापात थेट फ्लास्कमध्ये ओता, अर्धा तास बर्फावर, मग फिरवा.

आता एलटी२. ही मुख्य अडचण आहे आणि ती तुमच्या हाताची नाही. एलटी२ च्या आरपीओएस जीनचा आरंभ एटीजीनं न होता टीटीजीनं होतो. रायबोसोम तिथे नाखुशीनं बसतो, त्यामुळे सिग्मा-एस फार कमी बनतो. एलटी२ उंदरात फारसा रोग का करत नाही, याचं हेच कारण १९९७ मध्ये समोर आलं. ॲसिडचा सराव एलटी२ लाही होतो, कारण ओम्प-आरची वाट सिग्मा-एसवर अवलंबून नाही, पण तो तोकडा असतो. सरावाचा फरक ठळक हवा असेल तर १४०२८ किंवा एसएल१३४४ हा स्ट्रेन घ्या. एसएल१३४४ ला हिस्टिडिन स्वतः बनवता येत नाही. मिनिमल-ईमध्ये ते घातलं नाहीत तर ही भूक दुसरा ताण होऊन बसेल आणि तुम्ही ॲसिडवर खापर फोडाल.

लॉग फेजमधला सराव दाखवायचा असेल तर ती वेगळी चाचणी आहे. फॉस्टर आणि हॉल यांनी १९९० मध्ये दाखवलेली ती हीच: मिनिमल-ईमध्ये पीएच ७.६ ला वाढवायचं, मग एक पिढीभर ५.८ ला, मग ३.३ चा मारा. तिथे ओव्हरनाइट १:१००० पातळ करा आणि ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.४ पर्यंत वाढू द्या. सिग्मा-एस पटकन तुटतो, पण त्यानं बनवून ठेवलेली कॅटलेजसारखी प्रथिनं तुटत नाहीत, ती विभाजनागणिक फक्त वाटली जातात. १:१०० नं सुरू करून ओडी ०.२ ला घाईनं थांबलात तर स्टेशनरीचा वारसा अजून अंगावर असतो.

छासवाली_बडोदा
धन्यवाद. आज सकाळी दोन गोष्टी बघून घेतल्या. जुन्या पद्धतीच्या ओव्हरनाइट कल्चरचा पीएच पट्टीवर ५ च्या किंचित खाली. कल्चर न घालता पीएच ३.० च्या टीएसबीची १ मिली ९ मिली सलाइनमध्ये टाकून मीटरवर मोजली: ३.६. म्हणजे पहिल्या नळीत जवळजवळ तोच मारा चालू होता.

१४०२८ मिळेल, दुसऱ्या लॅबमध्ये आहे, पण तोही स्लँटवरच. आणि एक राहिलं: पहिल्या दोन चाचण्या मार्चच्या सुरुवातीच्या, तिसरी मेमधली. शेकर तोच. याचा काही संबंध?

शेकर_तापतोय
संबंध आहे, आणि बडोद्यात तर नक्की आहे.

साध्या शेकर-इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. त्याच्या माहितीपत्रकात 'खोलीच्या तापमानापेक्षा ५ अंश वर' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे ३७ हवे असतील तर खोली ३२ च्या आत पाहिजे. मेच्या दुपारी एसी नसलेल्या लॅबमध्ये ३८ असतात. वर मोटरची उष्णता. डिस्प्लेवर ३७ दिसले तरी त्यावर जाऊ नका, सेन्सर कोपऱ्यात असतो. फ्लास्कमध्ये १०० मिली पाणी घालून शेकरवर लावा, दोन तासांनी त्यात तपासलेला काचेचा थर्मामीटर बुडवा. ४१-४२ निघाले तर तुमचं कल्चर उष्णतेच्या ताणात वाढलंय.

४२ च्या आसपास सिग्मा-३२ (उष्णतेच्या ताणाचे जीन चालू करणारं प्रथिन) जागा होतो. त्याच्या मेसेंजर आरएनएची घडीच थर्मामीटरचं काम करते: गार असताना रायबोसोमची जागा घडीत दडलेली, तापलं की घडी उलगडते. शिवाय एरवी सिग्मा-३२ ला धरून ठेवणारं डीएनए-के बिघडलेल्या प्रथिनांची डागडुजी करायला धावतं, तेवढ्यात सिग्मा-३२ मोकळा. पाच मिनिटांत पेशीतलं प्रथिनांचं चित्र बदलतं. मग तुमच्या आलेखात ॲसिड किती आणि ऊन किती, हे वेगळं काढता येत नाही. शेकर एसीच्या खोलीत हलवा. ते जमत नसेल तर ओव्हरनाइट रात्री लावा आणि मारा सकाळी नऊच्या आत उरका. सेंट्रिफ्यूजला कूलिंग नसेल तर दहा मिनिटांत रोटरमध्येही ताप चढतो. त्यावर 'मग बर्फात ठेवते' हा उपाय नको, ३७ वरून एकदम ४ वर आणणं हा थंडीचा ताण झाला.

तिसऱ्या वेळच्या रिकाम्या प्लेटांचं मात्र मला दुसरं कारण जास्त संभवनीय वाटतं: पीएच मीटर. फक्त ७.०० च्या बफरनं कॅलिब्रेट केलेला मीटर ३ ला सहज ०.३ खोटं बोलतो. ७.०० आणि ४.०१ दोन्ही लावा, आणि ३ च्या खाली काम असेल तर १.६८ चंही. बाटली उघडून सहा महिने झालेला ४.०१ चा बफर टाकून द्या. इलेक्ट्रोड तळाशी मीठ धरून बसला असेल तर आकडा थरथरतो, स्थिर होईपर्यंत थांबा. पीएच लावायचं ते माध्यम खोलीच्या तापमानाला आल्यावर, ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या गरम बाटलीत नाही.

स्लँटबद्दल. वारंवार सबकल्चर केलेल्या स्लँटवर आरपीओएस बिघडलेले जीवाणू हळूहळू वरचढ होतात, कारण उपासमारीत त्यांची वाढ जास्त होते. १४०२८ आला की आधी एलबी प्लेटवर सुट्या कॉलनी काढा, २४ तासांनी प्रत्येकीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब. चांगल्या कॉलनीवर लगेच जोरात फेस येतो, बिघडलेलीवर मंद बुडबुडे. दुसरंही कॅटलेज असतं त्यामुळे पूर्ण शांत कोणीच राहत नाही. शेजारी खात्रीची कॉलनी ठेवून तुलना करा. थेंब टाकलेली कॉलनी पुढे वापरायची नाही, तिची प्रत आधी दुसऱ्या प्लेटवर घेतलेली हवी. मग चांगल्या एकाच कॉलनीतून २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दहा-बारा व्हायल उणे ८० ला. दर चाचणीला नवी व्हायल खरवडा, स्लँटला हात लावू नका.

मांडवीचा_माणूस
मी या क्षेत्रातला नाही, वाचतोय फक्त. म्हणजे पाणीपुरीच्या आंबट पाण्यात जंतू मरतात असं जे म्हणतात ते खोटं?

पिपेट_दांडियाबाजार
अर्धं खरं. चिंचेचं पाणी पीएच ३ च्या आसपास असतं आणि त्यात साल्मोनेला हळूहळू मरतो. पण हळूहळू म्हणजे तासांच्या हिशोबात. मडक्यातून पुरीत आणि पुरीतून तोंडात जायला दहा सेकंद लागतात. मूळ पाणी कुठलं, ते थंड करायला टाकलेला बर्फ कुठला आणि हात कुणाचा, हे आंबटपणापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

एक्सएलडी_नको
छाशीच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

आधी प्लेट. एक्सएलडीत लिटरला २.५ ग्रॅम सोडियम डिऑक्सिकोलेट असतं. धडधाकट साल्मोनेला ते बाहेरच्या पटलावर अडवतो. ॲसिडनं ते पटल फाटलेली पेशी जिवंत असते, सावरली असती, पण एक्सएलडीवर टाकल्याबरोबर मरते. तुम्ही तिला ॲसिडनं मेलेली म्हणून मोजता. शुद्ध कल्चरच्या चाचणीत एक्सएलडी लागतंच कशाला? टीएसए (टीएसबीची आगर प्लेट) घ्या, त्यात ०.१ टक्के सोडियम पायरुव्हेट, म्हणजे माध्यमात साचणारं पेरॉक्साइड जखमी पेशींना मारणार नाही. तोच नमुना दोन्हींवर लावलात तर फुकटात एक निकाल मिळतो: टीएसएवरच्या संख्येतून एक्सएलडीवरची वजा केली की जखमी किती ते कळतं. सरावलेल्या आणि कोऱ्या पेशींत हा फरक कधी कधी मृत्यूच्या फरकापेक्षाही बोलका असतो.

छाशीत मात्र टीएसए चालणार नाही, लॅक्टिक जीवाणूंनी प्लेट भरून जाईल. तिथे एक्सएलडीची प्लेट ओतून घट्ट झाली की तिच्यावर ४५-४८ अंशाच्या टीएसएचा पातळ थर द्या, साधारण १४ मिली, आणि थर गोठल्यावर वर स्प्रेड करा. पहिले तीन-चार तास पेशी टीएसएवर सावरतात, तोवर खालचं डिऑक्सिकोलेट वर झिरपून लॅक्टिकवाल्यांना अडवतं. काळ्या ठिपक्याच्या कॉलनी मोजा.

आता ॲसिड. छाशीतलं ४.२ आणि हायड्रोक्लोरिकचं ४.२ हे एकच नव्हेत. हायड्रोक्लोरिकच्या ४.२ मध्ये एकूण ०.०६३ मिलिमोलर हायड्रोजन आयन, बस. लॅक्टिक ॲसिडचा पीके (ज्या पीएचला निम्मे रेणू विघटलेले असतात तो) ३.८६, ४.२ ला त्याचे ३१ टक्के रेणू न विघटलेले, भाररहित असतात आणि ते पटलातून आत घुसून तिथे प्रोटॉन सोडतात. छाशीत लॅक्टिक ०.६ टक्के धरलं तर असे सुमारे २१ मिलिमोलर. म्हणून पीएच ३ चा निकाल छाशीला लावता येत नाही. साल्मोनेलाच्या बाजूनंही तयारी वेगळी आहे: फो-पी खनिज ॲसिडाविरुद्ध उपयोगी, सेंद्रिय ॲसिडाविरुद्ध नाही, लोहाचं नियमन करणारं फर सेंद्रिय ॲसिडाच्या बाजूला. छाशीचाच प्रश्न असेल तर सरावाची एक जोडी लॅक्टिक ॲसिडनं पीएच ५.५ ला आणून करा, आणि शेजारी त्याच पीएचची हायड्रोक्लोरिकची.

फ्रीजमध्ये जास्त टिकणं उलटं नाही, तेच अपेक्षित आहे. थंडीत पटल घट्ट होतं, ॲसिड आत शिरायचा वेग मंदावतो आणि पेशीचा स्वतःचा खर्चही कमी होतो. ई. कोलाय ओ१५७ सफरचंदाच्या सायडरमध्ये फ्रीजच्या तापमानाला बाहेरच्यापेक्षा जास्त दिवस सापडतो; १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अशाच पाश्चरीकरण न केलेल्या सायडरमधून साथ आली होती. तुमच्या तक्त्यात तापमानाचा वेगळा रकाना ठेवा, ४, २५ आणि ३७. छाशीचा पीएचही दर वेळी मोजा, बाहेर ठेवलेली छास सहा तासांत आणखी आंबते आणि तुमचं ४.२ तेव्हा ३.९ झालेलं असतं.

मोजणीबद्दल एकच. न पातळ केलेल्या नमुन्याची ०.१ मिली पसरवून एकही कॉलनी नाही याचा अर्थ 'शून्य' नाही, '१० सीएफयू प्रति मिलीपेक्षा कमी' असा आहे. आलेखावर शून्याचा ठिपका देऊ नका. सरासरी काढायची ती लॉग घेतल्यानंतर, आणि तीन वेळा म्हणजे तीन वेगळ्या दिवशीच्या तीन वेगळ्या कॉलनी. एका फ्लास्कच्या तीन प्लेट नव्हेत.

सिग्मा_३८
ॲसिडच्या नळ्या टाकताना एक काळजी. पीएच ३ चं माध्यम हायपोक्लोराइटच्या डिस्कार्ड जारमध्ये ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत दहा-बारा नळ्यांत घसा धरतो. नळ्या झाकणं सैल करून थेट ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश, ३० मिनिटं. हायपोक्लोराइटच्या जारमध्ये फक्त टिपा. आणि तो जारही ऑटोक्लेव्हमध्ये जाता कामा नये.

छासवाली_बडोदा
टिपा आणि नळ्या इथे एकाच जारमध्ये जातात. उद्यापासून वेगळं करते. १४०२८ च्या आठ कॉलनी काढल्यात, पेरॉक्साइड टाकून बघते आणि मॉप्स-एमईएसचा पहिला निकाल आला की पीएचच्या आकड्यांसकट इथेच टाकते.